लॅम्पशेडच्या भोकापासून तडा जातोय? आधी तो कधी गेला ते बघा

परवा पुन्हा तेच झालं. निपाणीच्या एका मावशींच्या सोप्यात लावलेली शेड नवव्या दिवशी तडकली. मी जेवायला बसलेलो आणि फोन. "रात्री टक्कन आवाज आला बघ. सकाळी उठून बघतो तर भोकापासून पार कडेपर्यंत रेघ. पडंल काय रे?" म्हटलं, "मावशी, आधी लाईट बंद करा आणि खाली कुणाला बसू देऊ नका. उद्या येतो."

लावल्यावर तडकलेली दोन वर्षांतली ही पाचवी शेड, आणि पाचही भोकापासूनच गेल्या. पहिल्या तीन वेळा मी सगळा दोष ड्रिलच्या बिटावर ढकलला. नवा बिट आणला, मग त्याच्याहून महागाचा आणला. चौथ्या वेळी डोकं ताळ्यावर आलं. भोक ही काचेतली दुबळी जागा, त्यामुळं कुठलाही ताण शेवटी तिथूनच वाट काढतो. पण तो ताण तयार कुठं झाला, भट्टीत, ड्रिलखाली की लावताना, हे तडाच सांगतो. तो वाचायला शिकलो तेव्हापासून बिटावरचा खर्च थांबला.

आमचं बेळगावच्या शहापुरात फोटो फ्रेमचं दुकान. हिरकणी हातात धरून काच कापणं लहानपणापासूनचं, त्यामुळं काच म्हणजे आपल्याला ठाऊकच, अशी जरा मिजास होती. भट्टीनं ती उतरवली. दुकानात उरणाऱ्या तीन-चार मिलिमीटरच्या फ्लोट काचेच्या पट्ट्या वाया जाऊ नयेत म्हणून हे शेडचं काम सुरू केलं. दोन थर एकावर एक ठेवून ८२० ते ८४० अंशांवर एकजीव करायचे, ते फ्युजिंग. मग तीच थाळी साच्यावर ठेवून ६८० ते ७२० ला नुसती मऊ करून वाकवायची, ते स्लम्पिंग. खाली जे आकडे देतोय ते खिडकीच्या साध्या फ्लोट काचेचे आहेत. बाहेरून मागवलेल्या रंगीत आर्ट ग्लासचे आकडे वेगळे असतात, ते हिला लावू नका.

तडा गेलेला तुकडा हातात घ्या आणि तुटलेल्या कडेवरून बोट नको, नख फिरवा. कड गोलसर, चाटल्यासारखी गुळगुळीत असेल तर काच भट्टी तापतानाच फुटली होती आणि नंतरच्या उष्णतेनं कड वितळून गोल झाली. म्हणजे सुरुवातीला तापमान फार वेगानं चढवलं. कड धारदार असेल तर काच थंड होताना किंवा त्यानंतर फुटली. एवढ्या एका खुणेनं अर्धा गोंधळ मिटतो. मग रेघेचा आकार बघा. सापासारखी वळत जाऊन टोकाला आकड्यासारखी वाकलेली रेघ बहुतेक वेळा ॲनिलिंग, म्हणजे ताण जावा म्हणून काच भट्टीतच सावकाश गार करणं, कच्चं राहिल्याची असते. भोकाभोवती चांदणीसारख्या तीन-चार बारीक रेघा दिसल्या तर भोकातल्या वस्तूनं काचेला आवळलंय किंवा काचेनं त्या वस्तूला. भोकाच्या खालच्या तोंडाला शिंपल्यासारखे टवके उडाले असतील तर बिट आरपार जाताना हात जड पडला. आणि रंगीत तुकड्याच्या कडेकडेनं तडा फिरला असेल तर दोन काचांचं आपसात जमलेलं नाही.

हे शेवटचं आमच्याकडं फार होतं, कारण बांगड्या. हिरव्या बांगड्यांचे तुकडे पांढऱ्या काचेत घातले की शेड दिसायला झकास होते आणि लोक मागतातही. पण बांगडीची काच आणि खिडकीची काच थंड होताना सारख्या आकसत नाहीत. भोकाजवळ असा तुकडा आला की त्याच्या कडेला ताण साठतो आणि तो भोकाकडं धावतो. मी आता बांगडी भोकापासून चार बोटं लांबच ठेवतो, आणि नवीन बांगड्या आणल्या की आधी एका पट्टीवर तुकडे वितळवून बघतो.

बघायचं कसं, तर लॅपटॉपवर पांढरं पान उघडा. पोलराइज्ड गॉगल डोळ्यांसमोर धरून हळूहळू फिरवा. एका कोनाला पडदा काळाकुट्ट होतो. तिथंच गॉगल थांबवा आणि पूर्ण गार झालेली काच मध्ये धरा. ताण नसेल तर काच पडद्याइतकीच काळी दिसते. जिथं ताण आहे तिथं उजेड फाकतो, बांगडीच्या तुकड्याभोवती खळ्यासारखा, भोकाभोवती पाकळ्यांसारखा. पहिल्यांदा बघाल तेव्हा अंगावर काटा येईल. मी विकायला काढलेल्या सहा शेडपैकी दोन त्या दिवशी दुकानातच ठेवल्या.

हाच गॉगल आणखी एका कामाला येतो. टेबलावरची, दरवाजाची जुनी काच कुणी फुकट दिली तर ती टफन केलेली, म्हणजे तापवून झटकन गार करून मजबूत केलेली, आहे का ते आधी तपासा. टफन काच पडद्यासमोर धरली की पट्टे किंवा ठिपके दिसतात. कोपऱ्यात बारीक शिक्काही असतो बहुधा. तिला भोक पाडायला गेलात तर बिट टेकून आत शिरायच्या आत सगळ्या काचेचे साबुदाण्यासारखे दाणे होतात. त्यात बिटाची काही चूक नाही. टफन करण्याआधीच भोक पाडून घ्यायचं असतं. भट्टीत हळू तापून हळू गार झाली तर मात्र तिचं टफनपण जातं आणि ती साध्या काचेसारखी वागते.

आता ड्रिल. काचेला लागतो तो पोकळ, तोंडाला हिऱ्याचा चुरा बसवलेला गोल बिट. भाल्याच्या टोकासारखे कार्बाइड बिट टाइल्सना बरे, सहा मिलिमीटर जाडीच्या फ्युज केलेल्या काचेला नकोत. नळी घालून शेड टांगायची असेल तर त्या नळीचा व्यास १० मिलिमीटर असतो, भोक १२ चं घ्या. पिनच्या बल्बचा होल्डर थेट शेडच्या भोकात बसवायचा असेल तर २९-३० लागतं, आणि आट्याच्या ई-२७ होल्डरला साधारण ४०-४२. होल्डर आधी हातात घेऊन मोजा, मग बिट विकत घ्या. उलटं केलं की काय होतं ते माझ्या कपाटातल्या २८ च्या न वापरलेल्या बिटाला विचारा.

मी हे ड्रिल उद्यमबागेत शिकलो. तिथं ओळखीच्या अण्णांचं लेथचं दुकान आहे. साचे तिथूनच करून घेतो. त्यांच्या ड्रिल स्टँडवर पहिलं भोक पाडताना मी लोखंडाला लावतात तसा जोर लावला. अण्णांनी मागून हात धरला. "काय करालायस? देवाला गंध उगाळताना एवढा जोर लावतोस काय?" तेवढंच बोलले. आजही बिट टेकवताना सहाण आणि खोड डोळ्यांसमोर येतं.

एक भोक सावकाश सांगतो. टाकाऊ काचेचा तुकडा खाली, त्यावर खरी काच, दोन्हींच्या मध्ये पाण्याचा थर, म्हणजे चिकटून बसतात. बिट बाहेर पडताना खालच्या काचेत शिरतो आणि टवके उडत नाहीत. भोकाच्या जागेभोवती मळलेल्या कणकेचं आळं करायचं, वाटीभर पाणी मावेल एवढं. घरात कणकेवरून बोलणी बसतात, पण मेणमातीपेक्षा कणीक ओल्या काचेला चांगली धरते. बिट सरळ टेकवला तर पोकळ बिट काचेवर सटकून गोल ओरखडे काढतो, म्हणून प्लायवुडच्या तुकड्याला त्याच मापाचं भोक पाडून तो वरून दाबून धरायचा. वेग कमी ठेवायचा. १२ च्या बिटाला मिनिटाला हजार-दीड हजार फेरे ठीक, ३० च्या बिटाला पाच-सहाशे पुरेत. बिट जेवढा मोठा तेवढा वेग कमी. चार-पाच सेकंद चालवायचं, उचलायचं, पाणी आत जाऊ द्यायचं, परत टेकवायचं. पाणी दुधासारखं पांढरं होत गेलं की काम नीट चाललंय. आवाज किर्रर असतो तोवर निश्चिंत. तो चींऽ असा वर चढला की पाणी पोचत नाहीये किंवा बिट गुळगुळीत झालाय. गुळगुळीत बिट टाकून देऊ नका. धार लावायच्या दगडात किंवा विटेत पाण्यासकट थोडा चालवा, दबलेले हिऱ्याचे कण पुन्हा वर येतात.

एखादा मिलिमीटर उरला की थांबा. काच उलटी करा. खालून गोल रेघ दिसते, तिच्यावर बिट टेकवून दुसऱ्या बाजूनं उरलेलं पूर्ण करा. सगळं मिळून पाच-सात मिनिटं लागतात. दीड मिनिटात होतं म्हणणाऱ्याची काच मी घेणार नाही. आणि पाणी आहे तिथं वायरीचं हातड्रिल चालवू नका, बॅटरीचं घ्या. कोरडं तर अजिबात नको. बिट जातो, काच जाते आणि ती बारीक पूड छातीत जाते.

एवढं करूनही भोकाच्या आतल्या कडेला डोळ्याला न दिसणाऱ्या बारीक चिरा राहतातच. म्हणून माझा आताचा क्रम उलटा आहे. फ्युज करून, वाकवून, शेवटी शेडला भोक पाडण्याऐवजी दोन्ही सपाट थरांना आधी भोक पाडतो आणि मग भट्टीत घालतो. सपाट काचेला भोक पाडणं सोपं, आणि ८३० अंशांवर त्या चिरा वितळून बुजतात. वाकवलेल्या शेडला शेवटी भोक पाडायचीच वेळ आली तर आतून वाळूच्या पिशवीचा भक्कम आधार द्या, आणि नंतर भोकाची कड आधी २०० आणि मग ४०० ग्रिटच्या डायमंड पॅडनं पाण्यात घासा. हे घासणं टाळलेल्या शेड महिनाभरानं तडकतात आणि मग आपण बल्बला शिव्या देतो.

आधी भोक पाडून भट्टीत घातलं की दुसरा त्रास सुरू होतो. भोक आकार बदलतं. वितळलेली काच स्वतःच्या जाडीची होऊ बघते, साधारण सहा-सात मिलिमीटर. त्याहून पातळ असेल तर कडेनं आक्रसते आणि भोक मोठं होतं, जाड असेल तर पसरते आणि भोक बुजायला लागतं. म्हणून भोकात बूच बसवावं लागतं. आणि इथं मी सगळ्यात मोठा मूर्खपणा केला.

खानापूरला आपल्याकडं कुंभारकामाची मोठी परंपरा, माती चांगली, भाजकामही पक्कं. तिथल्या एका ओळखीच्या काकांकडून २९ मिलिमीटरची मातीची बुचं भाजून आणली, दहा नग. इतकी सुबक की कुणी बघितली तर पितळी म्हणेल. वर किल्न वॉशचा, म्हणजे काच चिकटू नये म्हणून लावतात त्या पुडीचा, लेप देऊन भोकात बसवली. भट्टी उघडली तर प्रत्येक भोकाभोवती चांदणी. काका म्हणाले, "बुचाला काय झालंय? बूच तर तसंच हाय की." तेच तर झालं होतं. बूच तसंच राहिलं आणि काच आकसली. काच साधारण ५१० अंशांखाली पूर्ण कडक होते. तिथून खाली येईपर्यंत दर अंशाला ती दशलक्षात ९ भाग आकसते, भाजलेली माती ५-६. ४८० अंशांच्या उतारात २९ मिलिमीटरच्या बुचावर हा फरक मिलिमीटरचा विसावा भाग होतो. ऐकायला काहीच नाही. पण काचेला कुठं सरकायची जागाच नसते, मग ती तडकून जागा करते.

तेव्हापासून बूच फक्त सिरॅमिक फायबर पेपरचं. पट्टी कापून घट्ट गुंडाळायची किंवा गोल चकत्या एकावर एक रचायच्या, काचेच्या थरांपेक्षा दोन मिलिमीटर उंच. ते मऊ असतं, काच आवळली की दबतं. त्यात चिकटवण असते, ती जळताना धूर होतो आणि भोकाच्या कडेला राखाडी झाक येते, म्हणून बुचं एकदा रिकाम्या भट्टीत भाजून घेतो. काच गार झाल्यावर बूच कोरडं उकरू नका. पाणी शिंपडून काढा आणि मास्क लावा, ते तंतू चांगले नव्हेत. भोक होल्डरपेक्षा दोन मिलिमीटर मोठंच ठेवा.

वाकवताना तोच हिशोब उलट्या बाजूनं लागू होतो. काच साच्याच्या आत उतरवायची असेल तर मातीचा साचा चालतो, कारण काच आकसून साच्यापासून सुटते. साच्यावर पांघरायची असेल तर स्टेनलेसचा साचा घ्या. स्टेनलेस १७ नं आकसतं, काच ९ नं, म्हणजे साचाच आतल्या आत लहान होऊन काच मोकळी करतो. अण्णांकडून करून घेतलेला दीडशे मिलिमीटरचा साचा गार होताना काचेपेक्षा अर्धा मिलिमीटर जास्त आकसतो. भोक मात्र साच्याच्या सपाट भागावरच यायला हवं. उतारावर आलं की ते लांबट होतं आणि होल्डर तिरका बसतो.

ॲनिलिंगचं थोडक्यात सांगतो. दोन तीन-तीनच्या थरांना ५४५ अंशांच्या आसपास एक तास, मग ताशी ८० अंशांनी ४३० पर्यंत, पुढं भट्टी बंद ठेवून आपोआप गार. बुचाजवळ काच जाड झाली असेल तर वेळ त्या जाडीचा धरा, बाकीच्या काचेचा नव्हे. आणि भट्टीचं तापमान मोजणारं थर्मोकपल कुठं बसलंय त्यावर दहा-वीस अंश इकडंतिकडं होतात, म्हणून गॉगलनं बघणं सोडू नका. पावसाळ्यात आमच्याकडं लाईटीचा भरवसा नसतो. ऐन ॲनिलिंगमध्ये लाईट गेली तर झाकण उघडून डोकावू नका. परत आली की ताशी शंभर अंशांच्या आतबाहेर सावकाश ५४५ ला न्या आणि तास पहिल्यापासून मोजा. भट्टीचा कंट्रोलर लाईट आल्यावर काय करतो, तिथूनच पुढं चालू होतो की पहिल्यापासून, हे कोरड्या दिवशी मेन स्विच बंद-चालू करून बघून ठेवा. मी जुलैमध्ये रात्री दोन वाजता बघितलं.

तर निपाणी. मावशींची शेड उतरवली. कड धारदार, रेघ सरळ, नटाखाली शिंपल्यासारखा एक टवका. लॅपटॉप बरोबर नेला होता. तुकडे पडद्यासमोर धरले तर काळे. म्हणजे भट्टीनं आपलं काम नीट केलं होतं. भोकाची कडही वितळून गोल झालेली. मग नट बघितला. मी रबरी वायसर दोन दिले होते, वरखाली. एकही नव्हता. शेड हलते म्हणून वायरमननं ते काढून टाकले आणि पकडीनं नट आवळला. वर "उजेड पडेना" म्हणून शंभरचा पिवळा बल्ब लावलेला. बल्बचं तोंड खाली, म्हणजे गरम हवा वर, थेट भोकापाशी साठणार. एका बाजूनं लोखंड रुतलेलं, त्यात रोज संध्याकाळी तापणं आणि रात्री गार होणं. नऊ दिवस टिकली हेच खूप.

लावायचा क्रम असा: नट, लोखंडी वायसर, रबरी वायसर, काच, रबरी वायसर, लोखंडी वायसर, नट. बोटांनी घट्ट बसला की वर पाव फेरा, बास. पकड खिशातच ठेवायची. ३०० मिलिमीटरची सहा मिलिमीटर जाड शेड किलोच्या वर भरते, ती विजेच्या वायरवर टांगायची नाही, स्टीलची तार किंवा साखळी घ्या. धातूची नळी असेल तर अर्थिंग द्या. बल्ब एलईडी, ७ ते ९ वॅटचा. आता मी वायसर नळीला दोऱ्यानं बांधूनच देतो आणि खोक्यावर मोठ्या अक्षरांत लिहितो, काढू नका. खाली कन्नडमध्येही लिहून घेतलंय शेजारच्या पोराकडून, कारण वायरमन कोण येईल सांगता येत नाही.

तडकलेली शेड डिंकानं, अराल्डाइटनं चिकटवून पुन्हा डोक्यावर टांगू नका. मावशींनी तेच विचारलं, "चिकटवून दे की, मागच्या खोलीत लावतो." मी तुकडे घरी आणले. सपाट होईपर्यंत भट्टीत तापवले, भोकात नवं बूच घातलं, पुन्हा ८३० ला एकजीव केले आणि पुन्हा वाकवली. रेघ राहिलीय, उजेडात केसासारखी दिसते. ती आता माझ्याच दुकानात लावलीय, ७ वॅटचा बल्ब घालून. मावशींना नवीन दिली आणि नट मीच बसवला.